गटारीची निवळी

जेवण झालं की बाप कंटाळतो, हा शोध आमच्या कंपनीने मोठं सर्वेक्षण करून लावला. आकाशपाळण्यात बसून झालेलं असतं, घसरगुंडीवर पोट आत ओढून फोटो काढून झालेला असतो, आणि मग तो पार्किंगच्या दिशेने बघायला लागतो. बाप निघाला की कुटुंब निघतं. कुटुंब निघालं की संध्याकाळची भजी, बाहुल्यांचं दुकान, रोषणाई, सगळं बुडतं. म्हणून घाटाखालच्या आमच्या 'मौजगड' या कौटुंबिक उद्यानात बापाला काहीतरी प्यायला द्यायचं ठरलं.

आई कंटाळते का, हा प्रश्न सर्वेक्षणात नव्हता. मी बैठकीत विचारलं. आमचे सरव्यवस्थापक दळवी हसले. म्हणाले, "हर्षदा मॅडम, आई कंटाळली तरी निघत नाही. मग तिच्यावर खर्च कशाला?"

मी मौजगडावरच्या 'पंगत' या उपाहारगृहाची मेनू-प्रमुख. टेबलावरच्या काचेत कोणाला काय दिसावं, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या शब्दांत दिसावं, हे मी ठरवते. माणूस भुकेने मागवतो असं लोकांना वाटतं. तो शेजारच्या टेबलाकडे बघून मागवतो, बायकोला दाखवायला मागवतो, मुलांसमोर लाज नको म्हणून मागवतो. कोण मागवतं, कोण खातं आणि कोण उरलेलं संपवतं, एवढं पाहिलं की मला त्या घराचा जमाखर्च कळतो. नोकरीने लावलेली खोड आहे ही.

दारू अशा ठिकाणी चालत नव्हती, आणि त्याला कारणं होती. आमची अडचण सोडवली ती 'तरंग'ने.

तरंग म्हणजे दारू नव्हे. प्रशिक्षणाच्या वेळी डॉक्टर अंजारिया नावाच्या बाईंनी आम्हाला ते फार सोपं करून सांगितलं होतं. मेंदूतल्या पेशी एकमेकींना सतत दोन प्रकारचे निरोप पाठवत असतात, 'चल' आणि 'थांब'. दारू मेंदूत शिरली की सगळीकडचे निरोप बिघडवते. पाय लटपटतात, जीभ जड होते, दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. तरंगचा रेणू प्रयोगशाळेत असा घडवला आहे की तो किल्लीसारखा मोजक्याच कुलपांत बसतो. भीड, संकोच, 'लोक काय म्हणतील' ही धास्ती जिथून चालते तेवढ्याच जागा तो ढिल्या करतो. पाय शाबूत, जीभ शाबूत, आठवण शाबूत. फक्त मोकळं वाटतं.

आणि त्यावर उतारा म्हणजे 'निवळी'. गढूळ पाण्याच्या हंड्यात निवळीची बी घासली की गाळ खाली बसतो, ते नाव आमच्या जाहिरात खात्यातल्या कोणाच्या तरी आजीकडून आलं. बडीशेपेच्या चवीची गोळी, जिभेखाली ठेवायची. त्याच कुलपात ती तरंगपेक्षा घट्ट बसते, तरंगला बाहेर ढकलते आणि स्वतः मुकाट राहते. चार-पाच मिनिटांत माणूस होता तसा. मनगटावरचा पट्टा घामातून तरंगचं प्रमाण वाचतो. चढलेली असली की तांबडा, निवळली की हिरवा.

मी तेव्हा अंजारिया बाईंना विचारलं होतं, "माणूस यावर चिडला, मारायला उठला तर?"

"तरंग कोणाच्या आत काही घालत नाही," त्या म्हणाल्या. "झाकण उचलतो, इतकंच. आत काय असेल ते ज्याचं त्याचं."

त्या दिवशी मी हे वाक्य वहीत उतरवलं आणि विसरले. मला त्यात माझ्या दाजींचा चेहरा दिसायला हवा होता.

दाजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे, दीपालीताईचे यजमान. महेंद्र धुमाळ. तळेगावात सहकारी पतसंस्थेचे व्यवस्थापक. कोणाच्या घरी मयत झालं तर पहिले हजर, लग्नात वाढायला पदर नसला तरी उपरणं खोचून उभे. आमची आई त्यांचं नाव घेताना आवाज खाली करते, देवाचं घेताना करते तसा. आणि तेच दाजी प्यायले की ताईला मारायचे.

दरवेळी सकाळ ठरलेली. दाजी लवकर उठून जिलेबी आणायचे. पुडा ओट्यावर ठेवायचे, मान खाली घालून बसायचे. आई असली तर पहिला कप त्यांच्या हातात द्यायची. "तो नाही गं, त्याच्या पोटातली बाटली बोलते," असं आई ताईला स्वयंपाकघरात सांगायची. "एरवी बघ, देवमाणूस." ताई ओठावर बर्फ धरून मान हलवायची. जिलेबी सगळे खायचे. मीही खाल्ली आहे.

फक्त एक गोष्ट मला खटकायची. नशेत दाजींनी जे काही फोडलं ते ताईचं होतं. तिची शिलाई मशीन, तिचा फोन, माहेरून आणलेला काचेचा जग, तिच्या वाढदिवसाचा मिक्सर. त्यांचा टीव्ही भिंतीवर सुखरूप. त्यांच्या चेअरमनसाहेबांनी दिलेली संगमरवरी गणपतीची मूर्ती जागच्या जागी. खिडकी आधी बंद व्हायची, मग हात उठायचा. पोटातल्या बाटलीला घरातली कुठली वस्तू कोणाच्या मालकीची, हे इतकं बिनचूक कसं कळायचं, याचं मला नवल वाटायचं. आईला विचारलं तर ती म्हणायची, "तुझं आपलं काहीतरीच हिशेबी डोकं."

यंदा गटारीला मौजगडावर 'सहकुटुंब गटारी' होती. ज्या अमावास्येला घरातले दिवे घासून पुजायचे, त्याच दिवशी श्रावणाआधीचं शेवटचं मटण रिचवायचं, ही आपली पद्धत. कंपनीने दोन्हींचा मेळ घातला. दारात कणकेचे दिवे, आत मटणाचं सुकं आणि तरंग. कर्मचाऱ्यांना कुटुंबासाठी पास होते. मी आईला आणि ताईच्या घराला बोलावलं. सरळ सांगायचं तर मला वाटलं होतं, एक गटारी तरी ताईची सुखात जाईल. दाजी पितील, मोकळे होतील, गोळी घेतील, देवमाणूस घरी जाईल. यंत्रावर माझा विश्वास होता. देवमाणसावरही होता, हे कबूल करायला आज जड जातं.

सहा नंबरच्या टेबलावर मंडळी बसली. आई, ताई, दाजी आणि शरयू, म्हणजे ताईची पंधरा वर्षांची मुलगी. मी कामावर होते, पण दळवींनी तासभर सूट दिली होती. शेजारच्याच टेबलावर दाजींच्या पतसंस्थेचे चेअरमन बर्गेसाहेब सहकुटुंब आलेले निघाले. दाजींनी अर्धं उठून नमस्कार केला. आमची पाठ सरळ झाली, सगळ्यांचीच.

काच उजळली. शरयूच्या बाजूला वडे, आमरसाची कुल्फी, कोकम सरबत. आईच्या बाजूला मऊ भात आणि पांढरा रस्सा, कारण तिचा पट्टा वय जाणतो. दाजींपुढे गटारी थाळी आणि खाली तरंगची यादी. ती मीच लिहिलेली. 'कोकम तरंग: आंबटगोड, हलका. करवंद तरंग: मध्यम. काजूबोंड तरंग: खणखणीत.'

"खणखणीत," दाजी म्हणाले. "गटारी रोज येते का? हर्षू, तुझ्या कंपनीने मात्र पुण्य केलं. बायकोसमोर प्यायला मिळतं आणि बायको गप्प."

"मी कधी बोलले?" ताई म्हणाली.

"तेच तर. बोलत नाहीस, तोंड पाडतेस."

वेटर फिरोजभाई ग्लास ठेवून गेला. फिरोजभाईने आयुष्य महामार्गावरच्या बारमध्ये काढलं आहे, माणूस पायरी चढतानाच तो त्याचा तिसरा पेग ओळखतो. जाता जाता माझ्या कानाशी म्हणाला, "मॅडम, तुमचे पाहुणे आहेत म्हणून सांगतो, निवळी खिशात ठेवतो."

ताईचं बोट काचेवर फिरत होतं. तिच्याही बाजूला तरंगची यादी होती. काचेला वय कळतं, बाई-पुरुष कळत नाही. ते मुद्दाम वगळलं नव्हतं, कोणी मागेल असं कोणाला वाटलंच नव्हतं. ताईने कोकम तरंगवर बोट टेकवलं.

आईने हातातला घास खाली ठेवला. "दिपू, काय करतेस?"

"बघते तरी," ताई म्हणाली. आवाज नेहमीचाच, भाजी निवडताना असतो तसा. "माणसाच्या अंगात हे नेमकं काय येतं ते एकदा बघायचंय मला."

दाजी हसले. बर्गेसाहेबांचं टेबल जवळ होतं, हसणं भागच होतं. "घेऊ दे की. आधुनिक जमाना आहे."

ताईने हळूहळू घेतलं, औषध घेतात तसं. शरयू तिच्याकडे टक लावून बघत होती. थोड्या वेळाने ताईच्या मनगटावरचा पट्टा तांबूस झाला. तिचे खांदे खाली आले. मला वाटतं, तिचे खांदे वर असतात हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

"कसं वाटतंय, मम्मी?" शरयूने विचारलं.

"हलकं." ताई विचार करत बोलत होती. "गाणं म्हणावंसं वाटतंय. आणि हर्षू, मला भूक लागलीय. जेवण पहिल्यांदाच माझं मी मागवावंसं वाटतंय." तिने काजूच्या उसळीवर बोट ठेवलं. मग डोकं वळवून नवऱ्याकडे बघितलं, बराच वेळ. "अहो, एक विचारू? मला चढलीय, पट्टा सांगतोय. पण मला कोणाला मारावंसं वाटत नाहीये. कोणालाच. हे नंतर येतं का?"

आईने रश्शाचा चमचा वाटीत सोडला.

दाजींचा दुसरा ग्लास संपत आला होता. त्यांचं हसणं चेहऱ्यावर तसंच होतं. "काय बोलतेस तू? लोक आहेत."

"हळू विचारते. नंतर येतं का?"

"माहेरची माणसं जमवून, मुलीसमोर, नवऱ्याची अब्रू काढायला आलीस होय इथे?" आवाज चढला. "दारूची चव बघायची आहे म्हणे. उद्या काय, बाजारात बसशील?"

शरयूने हातातली कुल्फी ताटलीत ठेवली. दाजींचा पट्टा लालभडक झाला होता आणि टेबलाच्या काचेला तांबडी कड आली. आमच्या धोरणात तीन खुणा आहेत: आवाज वाढला, मूल रडलं किंवा कोणी उठून उभं राहिलं, तर ग्लास परत आणि निवळी पुढे. फिरोजभाई हजर झाला. ताटलीत पांढरी गोळी, शेजारी पाण्याचा पेला.

"साहेब, निवळी. नियम आहे. बडीशेपेसारखी लागते, मुखवास समजा."

बर्गेसाहेबांनी मान वळवून बघितलं. दाजींनी गोळी घेतली, जिभेखाली ठेवली, आणि टेबलावर बोटं वाजवत बसले. आम्ही सगळ्या त्यांच्या मनगटाकडे बघत होतो, दूध उतू जाण्याआधी पातेल्याकडे बघतात तसं. तांबडा रंग फिका झाला, पिवळट झाला, मग हिरवा. स्वच्छ हिरवा.

आईने सुस्कारा सोडला. "निवळलं बाई."

आणि खरंच निवळलं होतं. दाजींचा चेहरा उतरला, आवाज गोड झाला. त्यांनी शरयूच्या पाठीवर थाप दिली, कुल्फी खा म्हणाले. आईच्या वाटीत रस्सा वाढला. शेजारच्या टेबलाकडे बघून म्हणाले, "साहेब, सोडून दिली बघा आपण, एका गोळीवर." बर्गेसाहेब "वा, वा" म्हणाले. देवमाणूस परत आला. मी उठून काजूच्या उसळीचं काय झालं ते बघायला निघाले, तेवढ्यात माझा रुमाल खाली पडला म्हणून वाकले.

टेबलाखाली दाजींनी ताईचं मनगट धरलेलं होतं. नुसतं धरलेलं नव्हतं, पिळत होते, सावकाश, ओला कपडा पिळतात तसं. ताईच्या काचेच्या दोन बांगड्या पिचल्या होत्या आणि एक तुकडा कातडीत शिरला होता. आणि वर, टेबलावर, ते हसऱ्या, अगदी हलक्या आणि सुस्पष्ट आवाजात तिला सांगत होते, "घरी चल. तिथे काच नाही आणि हिरवा दिवाही नाही. मग सांगतो तुला नंतर काय येतं ते."

त्यांच्या मनगटावरचा हिरवा दिवा माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर होता.

मी त्यांचा हात धरून उपटला. ग्लास पडला. ताईने मनगट पदरात गुंडाळलं, पण रक्त आईला दिसलंच.

आई रडली नाही, चिडलीही नाही. तिने इकडेतिकडे बघितलं, घरात काहीतरी सांडलं की फडकं शोधते तशी, आणि तिला ते सापडलं. "गोळी लागू पडली नाही गं त्यांना," ती म्हणाली. "हर्षू, तुमची गोळीच बाद निघाली."

दाजींनी मान वर केली. बुडत्या माणसाला काठी मिळावी तसे ते त्या वाक्याला धरून उभे राहिले. "तेच म्हणतोय मी. डोकं गरगरतंय माझं. पट्टा बिघडलाय. हर्षू, तू इथली प्रमुख ना? सांग सगळ्यांना, मशीन बिघडलंय म्हणून. घरचा विषय आहे, एवढं तर करशील."

मला राग फार लवकर येतो, पण त्या वेळी आला तो वेगळा होता. गार होता. मी हिशेब बघत होते. एका बाजूला माझी कंपनी, जिला ताईच्या मनगटाशी काडीचं देणंघेणं नाही. पण आपलं यंत्र अचूक आहे, हे ती छातीठोकपणे सांगणार, कारण तिचा धंदाच त्यावर चालतो. दुसऱ्या बाजूला माझी आई, जी ताईसाठी उपास करते, आणि यंत्र बिघडलं म्हण म्हणून डोळ्यांनी माझ्या विनवण्या करते आहे. खरं बोलणारं नफेखोर आणि खोटं बोलणारं सख्खं. अशा वेळी माणसाने कुठे उभं राहायचं?

"हर्षू," आई हळूच म्हणाली, "संध्याकाळी तिला त्याच घरी जायचंय. विचार कर."

"तोच करतेय."

मी ताईकडे वळले. ती माझ्याकडे बघत होती. तिचा पट्टा अजून तांबूस होता, तिने गोळी घेतलेली नव्हती. "हर्षू, खरं सांग," ती म्हणाली. "बिघडलंय का?"

"नाही, ताई. लागू पडलीय गोळी. मघाशी वाढत होते, हसत होते, साहेबांशी बोलत होते, तेव्हाच ते पूर्ण शुद्धीत होते. बांगड्या त्यानंतर फुटल्या."

"झालं तुझं समाधान?" दाजी म्हणाले. "बहिणीचा संसार मोडून?"

"दाजी, शिलाई मशीन कोणी मोडली होती?"

आईने कपाळावर हात मारला. ताई मात्र अजिबात हलली नाही. ती कुठेतरी दूर, मागे, बघत बसली होती. मला वाटतं ती आपल्या घरात एकेक खोली हिंडत होती आणि फुटलेल्या वस्तू उचलून बघत होती.

मी तिला तिथेच ठेवून घ्यायला हवं होतं. पण आई उठली होती, सगळ्यांना उठवत होती. "चला, उजेडात निघू या, घाटात धुकं असतं." आमच्या घरात भांडणावरचं औषध हेच, निघणं. उरलेलं सुकं आणि वडे आईने डब्यात भरून घेतले. उद्यानाच्या नियमात बसत नाही, पण फिरोजभाईने न विचारता डबा आणून दिला. "जावईबापूंना रात्री भूक लागते," आई म्हणाली. कोणाला सांगत होती कोण जाणे. ताई आणि शरयू मागून चालत होत्या. ताईने फिरोजभाईकडून एक गोळी मागून जिभेखाली ठेवलेली मी पाहिली.

मौजगडाच्या बाहेरच्या फाटकावर आमच्या धोरणाचं शेवटचं कलम आहे. तरंग घेतलेला माणूस गाडी चालवणार असेल तर त्याने तिथे वेगळ्या नळीत फुंकायचं. आत काही उरलं नाही असं दिसलं की समोरच्या पडद्यावर एक वाक्य येतं, ते मोठ्याने वाचायचं. ते विमा कंपनीच्या वकिलांनी लिहून दिलंय: 'मी पूर्ण शुद्धीवर आहे आणि माझ्या वागण्याला मी स्वतः जबाबदार आहे.' हे म्हटल्याशिवाय आडवा दांडा उचलत नाही. ज्याला आपण शुद्धीत नाही असं वाटतं, त्याने शेजारच्या विसावा खोलीत सकाळपर्यंत झोपायचं. गादी चांगली आहे, चहा फुकट आहे. आजवर तिथे कोणी पुरुष झोपलेला नाही.

आई मागच्या सीटवर जाऊन बसली, मांडीवर डबा. दाजी नळीपाशी उभे. मी, ताई आणि शरयू गाडीबाहेर. आणि रांगेत मागे बर्गेसाहेबांची गाडी, काच खाली केलेली.

दाजींनी फुंकलं. शून्य.

फाटकावरची मुलगी म्हणाली, "सर, वाक्य वाचाल का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. नुकतंच तर ते म्हणाले होते, डोकं गरगरतंय, पट्टा बिघडलाय. तेच आता फाटकावर म्हणायचं तर विसावा खोली होती, चेअरमनसमोर. मी माणसांना मेनूपुढे अडलेलं रोज बघते. दोनच पदार्थ असतात आणि दोन्ही नको असतात, तेव्हा माणूस शेजारच्या टेबलाकडे बघून मागवतो.

"काय, धुमाळ?" मागून बर्गेसाहेबांनी हाक दिली. "चढलीय की काय अजून? ड्रायव्हर देऊ का आमचा?"

"छे, छे, साहेब." दाजी ताठ झाले. पडद्याकडे न बघताच, खणखणीत आवाजात म्हणाले, "मी पूर्ण शुद्धीवर आहे आणि माझ्या वागण्याला मी स्वतः जबाबदार आहे." आणि मागे वळून हसत, "जेवतानाच गोळी घेतली, साहेब. तुम्ही बघितलंत की. तेव्हापासून एकदम स्वच्छ."

दांडा वर गेला.

"तेव्हापासून," ताई म्हणाली.

दाजींनी गाडीचं दार उघडून धरलं होतं. "बस."

"जेवतानाच निवळली होती तुम्हाला." ती पदर सोडत होती. मनगटावर रक्त सुकलं होतं, त्याच्या वर पट्टा, आणि पट्ट्यावर हिरवा दिवा. तिने हात त्यांच्यापुढे धरला, फाटकावरच्या मुलीलाही दिसेल असा. "मग हे तुम्ही केलंत. बाटलीने नाही."

"दीपाली, लोक आहेत."

"हो. म्हणूनच बोलते. सतरा-अठरा वर्षं मी तुमच्या बाटलीला माफ करत आले. तुम्हाला माफ करायचं असतं हे मला कोणी सांगितलंच नाही. ते मला जमायचं नाही."

मागच्या गाडीत बर्गेसाहेबांनी काच वर केली. लोकांना दुसऱ्याच्या घरातली इतपतच गोष्ट ऐकायची असते. फाटकावरची मुलगी पडद्याकडे बघत होती, मान खाली. दांडा वरच होता, आणि मागच्या गाड्या हॉर्न द्यायला लागल्या.

"पोरीला तरी बसव," दाजी म्हणाले.

शरयूने मम्मीच्या पदराचं टोक मुठीत धरलं, लहानपणी धरायची तसं.

दाजी आत बसले. गाडी सुरू केली. पहिल्यांदा मला त्यांचा चेहरा प्यायलेलाही नाही आणि देवमाणसाचाही नाही, असा दिसला. नुसता एका माणसाचा. तो घाबरलेला होता आणि त्याचा हिशेब चालू होता.

मागची सीट अजून भरलेली होती. आई आत बसून होती, मांडीवर डबा, नजर समोर. मला वाटलं ती जाणार. सवयीने जाणार, सकाळी चहा टाकणार, जिलेबीचा पुडा ओट्यावर येईपर्यंत वाट बघणार. मागचे हॉर्न आता एकसारखे वाजत होते. दाजी आरशातून तिच्याकडे बघून म्हणाले, "आई, तुम्ही तरी समजवा तिला."

आईने विचारलं, "जावईबापू, खरंच उतरली होती का हो तेव्हा?"

एवढ्या आशेने मी तिला कधी काही विचारताना ऐकलं नाही. 'नाही' एवढंच हवं होतं तिला. त्यावर ती उरलेलं आयुष्य काढणार होती. पण वाक्य म्हणून झालं होतं, चेअरमनने ऐकलं होतं. दाजी समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले.

आईने दार उघडलं. गुडघ्यावर हात टेकत, कुरकुरत, ती उतरली. दाजींनी सवयीने मागे हात केला, डब्यासाठी.

तिने डबा छातीशी धरला आणि दार लावून घेतलं.

"चल गं," ती शरयूला म्हणाली, "वडे गार होतायत."